शहाण्या ग्रीसचं विरजण

"पाना दे इकडं, ओजू. स्क्रू उघडायचा का नाही ते इंजिनियर ठरवतो, विरजण लावणारी नाही."

"टॅब हिरवा दाखवतोय, मावशी. तो काय शोभेला ठेवलाय?"

पाना मी पाठीमागं धरला होता. मावशी शिडीवर, डावा हात पंखाच्या मागच्या कडेवर ठेवून. बाहेर माळावर कबड्डीच्या आठ पोरी आणि त्यांच्या मॅडम बॅगांवर बसून आमच्याकडं बघत होत्या. दीड वाजता त्यांना उडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भात त्यांची फायनल. बारा वाजून गेलेले आणि आम्ही दोघी विमानाखाली भांडत होतो.

मावशी म्हणजे प्रणाली भोईटे, माझ्या आईची थोरली बहीण. पळसमाळच्या धावपट्टीवर तिच्या सहीशिवाय आमचं नऊ सीटांचं विमान जागचं हलत नाही. शाळा सोडल्यावर मी घरात सगळ्यांशी भांडायला लागले, तेव्हा आईनं मला उचलून तिच्याकडं आणून टाकलं. आता मी सतरा वर्षांची आहे आणि ग्रीसबद्दल या माळावर मावशीच्या खालोखाल मलाच कळतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, मावशीपेक्षाही जास्त.

भांडण कशावरनं, तर तिला फ्लॅपचा दांडा हाताला "लई चांगला" लागला. तिचं म्हणणं, अकरा महिने फिरलेला स्क्रू पहिल्या दिवसापेक्षा गुळगुळीत कसा लागतो? आधी कुरकुरत होता, आता लोणी. मी म्हटलं, ग्रीस शहाणं आहे म्हणून. ती म्हणली, मला शहाण्यांचीच भीती वाटते.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या झडपा. उतरताना त्या खाली येतात आणि विमान हळू चालूनसुद्धा तरंगत राहतं. प्रत्येक झडप एका लांब स्क्रूवर चालते. स्क्रू पोलादाचा, त्यावरचा नट ब्राँझचा. नटाचे आटे झिजून एका बाजूची झडप सटकली आणि दुसरी खालीच राहिली, तर जमिनीजवळ विमान कुशीवर वळतं. सावरायला पायलटला दोन-तीन सेकंद मिळतात. एवढं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

आता ग्रीसचं. कुठलंही ग्रीस म्हणजे तेल प्यायलेला स्पंज. दाब आला की स्पंज तेल सोडतो, दाब गेला की परत पितो. स्पंज कशाचा आणि तेल कसलं, यावर सगळा खेळ. चाकाचं बेअरिंग गरम होतं आणि भन्नाट फिरतं, त्याला मातीच्या स्पंजाचं ग्रीस, ते उष्णतेनं वितळत नाही. फ्लॅपच्या स्क्रूवर फिरणं कमी पण वजन प्रचंड, तिथं मॉलिब्डेनमची काळी पूड घातलेलं. कंट्रोलच्या बारक्या बेअरिंगांना पातळ, म्हणजे वर थंडीत पायलटच्या हाताला जड लागत नाही. मावशीच्या भिंतीवर पाच ग्रीसगन होत्या, प्रत्येकीच्या मानेला वेगळ्या रंगाची चिंधी. एका गनचं ग्रीस चुकून दुसऱ्या सांध्यात गेलं, तर ती अख्खा सांधा रॉकेलनं धुवायला लावायची. दोन जातींचे स्पंज एकत्र आले की एकमेकांना मोडतात, ताकासारखं पातळ होऊन सगळं गळून जातं. कुठल्या सांध्याला कुठलं, हे ती पुस्तक न बघता सांगायची. पुस्तक तरीही बघायची.

मग तीन वर्षांपूर्वी शहाणं ग्रीस आलं. एकच डबा, सगळ्या सांध्यांना. त्यातल्या स्पंजाचे धागे कायमचे बांधलेले नसतात. घासलं, तापलं, दाबलं की ते सुटतात आणि परत दुसरीकडं जोडले जातात. चाकात घातलं की चाकाजोगं होतं, स्क्रूवर घातलं की स्क्रूजोगं. शिकायला त्याला चाळीस तास लागतात, शिकलं की सांधा तपासणारा टॅब हिरवा दाखवतो. तोवर ते कच्चं, म्हणून ग्रीस बदललं की चाळीस तास विमान माणसांशिवाय चालवायचं, असा नियम. भिंतीवरच्या पाच गन तशाच लटकत राहिल्या. मावशीनं चिंध्या मात्र सोडल्या नाहीत.

आणि विरजण माझं.

एकदा मी चाकाचा सांधा नीट पुसला नव्हता, जुनं ग्रीस कडेला राहून गेलं. त्यावरच नवं भरलं. टॅबनं सहा तासांत हिरवं दाखवलं. सगळे म्हणले टॅब बिघडला. मला तसं वाटेना. मी मुद्दाम परत तसंच केलं, या वेळी नखाएवढं जुनं ग्रीस घेऊन. परत सहा तास. शिकलेले धागे नव्या धाग्यांना वळण लावत होते, दुधात दह्याचा चमचा घातल्यासारखं. मी बामच्या रिकाम्या डब्या गोळा केल्या, धुतल्या, आणि प्रत्येकीत एकेका सांध्याचं विरजण ठेवलं. दीड वर्षात सात धावपट्ट्यांनी माझ्याकडनं डब्या मागवून घेतल्या. माझ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं फोनवर मला विचारायची, ओजस्वीताई, किती लावू. मी सांगायचे, नखाएवढं. ते ऐकताना कसं वाटायचं ते शाळेत पहिलं येणाऱ्यांना माहीत असेल. मला तोवर माहीत नव्हतं.

म्हणून पाना सोडवेना. उघडलं म्हणजे ग्रीस धुवायचं. धुतलं म्हणजे विमान जमिनीवर, पोरींची फायनल गेली, आणि उद्या सातही ठिकाणी बातमी की भोईटेबाईंना विरजणावर भरवसा राहिला नाही.

मावशी शिडीवरनं उतरली. आवाज न चढवता म्हणली, "तुला खात्री आहे?"

मी हो म्हटलं.

"मग तूच तपास. मी हात लावत नाही."

हे तिचं जुनं हत्यार. माझं डोकं फिरलं की ती वाद सोडून देते आणि काम माझ्या गळ्यात घालते.

मी टॅबचा प्रोब सांध्याला लावला. तो टकटक करतो आणि सांधा किती हलला ते मोजतो. हिरवा. मग मी फ्लॅपला हातानं हिसके दिले, वर, खाली. गच्च. मी मावशीकडं बघितलं, झालं का समाधान अशा नजरेनं.

ती म्हणली, हिसका नको देऊ. लटकव आणि थांब.

मला कळेना, पण पाण्याचा वीस लिटरचा कॅन दोरीनं फ्लॅपच्या कडेला अडकवला आणि केसाएवढी हालचाल दाखवणाऱ्या डायल गेजची सुई टेकवली. तेवढ्यात कॅप्टन इरफान मुजावर, आमचे पायलट, घड्याळ दाखवत आत आले. आमची तोंडं बघून स्टूल ओढून बसले. तिघं मिळून एका सुईकडं बघत होतो. पहिलं मिनिट काहीच नाही. दुसऱ्या मिनिटाला मला वाटलं सुई हलली. मग वाटलं माझाच डोळा. चौथ्या मिनिटाला इरफानदादा स्टूलवरनं उठले. सुई चालत होती, घड्याळाच्या तासकाट्यासारखी, दिसत नव्हती पण चालत होती.

नटात फट होती. ग्रीस त्या फटीत भरून बसलं होतं. हिसका दिला की दगड व्हायचं, हळू ओढलं की वाट द्यायचं. टॅबची टकटक म्हणजे बारीक हिसकेच. ते ग्रीस टॅबला आणि मला अकरा महिने एकच उत्तर देत होतं.

मी स्वतः रॉकेलनं नट धुतला. कोरडा करून मोजला. चालेल अशी हद्द शून्य पॉइंट बारा मिलिमीटर. फट निघाली शून्य पॉइंट एकतीस. आटे बोटाला ब्लेडसारखे लागले.

पोरींच्या मॅडमना सांगायला मावशी स्वतः बाहेर गेली. त्या बरंच बोलल्या. आधी का नाही बघितलं, मुलींनी वर्षभर काय केलं माहिती आहे का, वगैरे. मावशी सगळं ऐकून घेत उभी राहिली. इरफानदादांनी कुठनं तरी ट्रॅव्हल्सची गाडी मिळवली, पंधरा तासांचा रस्ता. जाताना एक उंच पोरगी मला म्हणली, "तुमच्यात सकाळी उठून मशीन बघत नाहीत का?" मी उलट बोलणार होते. हाताला नटाचा वास येत होता, गप्प बसले.

मला वाटलं होतं विषय इथं संपला. नट बदला, पुढं चला. पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. हा नट नवा बसवला होता, अकरा महिन्यांपूर्वी, माझ्या समोर. शून्य पॉइंट शून्य तीन. नट असा झिजायला सात-आठ वर्षं लागतात. झीज झाकली ग्रीसनं, ते कळलं. पण झीज केली कुणी?

मावशीला विचारलं तर म्हणली, तुझं डोकं काय म्हणतं? माझं डोकं जे म्हणत होतं ते मला तोंडानं बोलायचं नव्हतं.

मी जुन्या ड्रिल मशीनची मोटर काढली. भंगारातनं ब्राँझचे तीन सारखे नट आणि तीन दांडे शोधले, प्रत्येकाला सारखं वजन टांगलं, आणि मोटरला पट्टे लावून पुढं-मागं फिरायला ठेवले. पहिल्यात मावशीच्या काळ्या चिंधीच्या गनचं जुन्या पद्धतीचं ग्रीस. दुसऱ्यात शहाणं, नुसतं. तिसऱ्यात शहाणं आणि माझ्या चार नंबरच्या डबीतलं नखभर. चार नंबर म्हणजे फ्लॅपची डबी, अकरा महिन्यांपूर्वी त्या नव्या नटातही मी हीच लावली होती. दर तीन तासांनी थांबवून धुवायचं, मोजायचं, तेच ग्रीस परत भरायचं.

दुपारी तिसऱ्यात शून्य पॉइंट दहा. पहिल्या दोघांत काहीच नाही. संध्याकाळी एकोणीस. तिसऱ्यातलं ग्रीस मी वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून उन्हात धरलं. तेल कागदात शोषलं गेलं आणि मागं सोनेरी चमक राहिली, ब्राँझची पूड. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस, दुपारी एकतीस.

मग थांबलं.

आणखी सहा तास फिरवलं. एकतीस. वजन वाढवलं. एकतीसच. आणि हातानं हिसका दिला तर गच्च.

घाबरायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर मी पळत जाऊन मावशीचा हात धरून तिला ओढत आणलं, एखादं पिल्लू अंड्यातनं बाहेर येताना दाखवायला न्यावं तसं. बघ, मी म्हटलं, याला एकतीसचीच सवय आहे. हे एकतीसच्या फटीत शिकलंय. तेवढी जागा मिळाली नाही तर हे घासून घासून करून घेतं, आणि झाली की गप्प बसतं.

मावशीनं चष्मा डोक्यावर सरकवला, खाली बसून बराच वेळ दांड्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरनं सांगते, तिलाही ते आवडलं होतं. पस्तीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला नवीन काहीतरी दिसलं होतं. मग तिनं विचारलं, "ही डबी कुठनं आली?"

माझी वही आहे, त्यात प्रत्येक डबीची जन्मकथा. चार नंबर: खानदेशाकडच्या एका धावपट्टीवरनं मागवलेली. विमान सगळ्यात जुनं. मी तेव्हा मुद्दाम विचारलं होतं, ज्या फ्लॅपवर हे ग्रीस सगळ्यात जास्त तास राहिलंय तिथलंच द्या. ज्यानं जास्त बघितलंय ते जास्त शिकलेलं असणार, असा माझा हिशोब. ते विमान पुढं भंगारात गेलं, एवढं ऐकलं होतं. का गेलं ते विचारायचं सुचलं नव्हतं.

फोन लावला. तिकडच्या माणसानं जुनी फाईल काढून वाचून दाखवली. भंगारात काढण्याचं कारण, बदली न मिळालेला फ्लॅप स्क्रूचा नट, फट शून्य पॉइंट एकतीस.

मावशी म्हणली, "आंबट दह्याचं विरजण लावलंस गं."

रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

खरी भांडणं रिपोर्टवर झाली. दोष सापडला की फॉर्म भरून वर पाठवावा लागतो. मावशीनं भरला तो मी तिच्या खांद्यावरनं वाचला. लिहिलं होतं, तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत फट लक्षात आली नाही, जबाबदारी माझी. विरजणाचं नाव नाही, डबीचं नाव नाही, माझं नाव नाही.

मी विचारलं, हे काय. ती म्हणली, तीन आठवड्यांपूर्वी मी पण हिसका देऊनच बघितलं होतं. हाताला चांगलं लागलं आणि मी सही केली. पूर्वी मी कॅन लटकवायचे. टॅब आल्यावर सोडून दिलं. आता सही माझी आहे, तू मधे येऊ नको. तुझं अजून लायसन्स व्हायचंय, या वयात नावावर हे कशाला.

"आणि बाकीच्या सात डब्या?" मी म्हटलं.

तिनं पेनचं टोपण लावलं.

"तुझ्या सहीनं एक विमान उडतं, मावशी. माझ्या डबीनं आठ उडतायत. तू तुझ्यावर घेतलंस तर बाकीच्यांना वाटेल एका बाईनं एकदा नीट बघितलं नाही. कुणी स्क्रू उघडणार नाही."

तिनं फॉर्म माझ्याकडं सरकवला. मी दोन ओळी वाढवल्या. विरजण माझं, डबी चार, सुरुवात कुठनं झाली, कुणाकुणाला दिली, तारखांसकट. खाली नाव लिहिलं. मावशीनं त्याच्याखाली सही केली. स्वतःची ओळ तिनं खोडली नाही.

उत्तर आजच आलं. मावशीची सही चौकशी होईपर्यंत थांबवली आहे, तिनं पळसमाळ सोडायचं नाही, विमान जसं उघडलंय तसं ठेवायचं, डब्या सील करायच्या. बाकी धावपट्ट्यांना सूचना "यथावकाश" जाईल. मावशीनं तो शब्द दोनदा वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सातही ठिकाणी फोन केले. सगळ्यांना एकच सांगितलं, चार नंबरची डबी वापरली असेल तर वीस लिटरचा कॅन लटकवा आणि दहा मिनिटं सुईकडं बघा. दोघांनी डबी उघडलीच नव्हती. तिघांनी लगेच विमान थांबवलं. त्यातल्या एकानं अर्ध्या तासात परत फोन केला, फट तेवीस, आवाज बसलेला. सहावे म्हणले बघतो, आणि खरंच बघितलं, त्यांच्याकडं सतरा.

सातवे निमखेड्याचे वानखडे सर. त्यांनी चार नंबर नऊ महिन्यांपूर्वी घातलंय. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग म्हणले, बाळा, टॅब हिरवा आहे, मी आत्ताच हातानं पण बघितलं, गच्च आहे. मी म्हटलं, गच्च आहे तेच तर. ते म्हणले, वरनं आदेश येऊ दे. उद्या सकाळी आठला विमान जातंय, आठ माणसं आहेत, दोन डायलिसिसचे पेशंट, त्यांना मी एका फोनवर अडवू का? आणि तू कितवी शिकलीस?

मी फोन ठेवला. म्हणजे आपटला. मावशीनं तो उचलून बघितला फुटलाय का, आणि परत त्यांना लावला. तिच्याशी ते आदरानं बोलले, पण तुमची सही आता थांबलीय ना मॅडम, हेही म्हणले. चूक काय त्यांची. चार दिवसांपूर्वी दुपारी बारा वाजता मी पण हेच म्हणत होते.

त्यांचं विमान कागदावर कुणी थांबवत नाही. मग समोर जाऊनच दाखवायला पाहिजे. मावशीला जाता येत नाही. इरफानदादा म्हणले, तिथला पायलट माझ्या बॅचचा आहे, मी सांगितलं तर तो दहा मिनिटं तरी थांबेल. गाडी ते चालवणार.

मावशीनं आत्ताच पिशवी भरून दिली. डायल गेज, दोरी, रॉकेलची बाटली, आमचा धुतलेला नट फडक्यात गुंडाळून, आणि काळ्या चिंधीची गन. त्यांनी स्क्रू धुतला तर परत भरायला कुठलं हे तुला ठरवता येईल ना, असं विचारलं. मी सांगितलं, काळं, मॉलिब्डेनमचं, जुनं सगळं निघेपर्यंत रेटायचं. ती हो म्हणली नाही. फक्त म्हणली, तिथं भांडू नको.

प्रयत्न करीन. मी ठरवलंय, तिथं गेल्यावर समजावत बसायचं नाही. त्यांच्या फ्लॅपला कॅन लटकवायचा, सुई लावायची, वानखडे सरांना स्टूल द्यायचं आणि आपण गप्प उभं राहायचं. दहा मिनिटं गप्प राहणं मला आजवर जमलेलं नाही. आणि त्यांची फट किती निघते याची मला भीती वाटतेय तेवढीच उत्सुकता पण आहे, ते कुणाला सांगू नये हेही कळतंय. नऊ महिने झालेत, सत्तावीस-अठ्ठावीस असेल. का एकतीसला पोचून गप्प बसलं असेल?

साडेसहाशे किलोमीटर आहेत. इरफानदादांनी दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मला आता निघायलाच पाहिजे.